खुर्ची आणि वस्ती : चांद्यापासून भामरागडापर्यंत

१

आपल्यातला एखादा कार्यकर्ता नगराध्यक्ष झाला, एखादी भगिनी महापौर झाली, की वस्तीत जो आनंद उसळतो त्याला हिणवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, त्या समाजातला माणूस शहराचा प्रथम नागरिक म्हणून आसनावर बसतो, ही घटना क्षुल्लक नव्हे. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून निघालेली ती मिरवणूक केवळ एका पक्षाच्या विजयाची नसते. तिच्यात नाचणाऱ्या तरुणांच्या आजोबांना त्याच शहराच्या पाणवठ्यावरून हाकलले गेलेले असते.

परंतु आनंद झाला म्हणून विचार थांबवावा, असे आपल्या चळवळीने कधी मानलेले नाही. गुलाल धुतला गेल्यावर काही प्रश्न उरतात. ही खुर्ची आपल्याकडे कधी आली? आली तेव्हा तिच्यात किती सत्ता शिल्लक होती? तिच्यावर बसणाऱ्याला काय मिळाले, आणि त्याला तेथे पाठवणाऱ्या वस्तीला काय मिळाले? महापौरपदाची महत्त्वाकांक्षा बाळगणारे अनेक तरुण आज चळवळीत आहेत. महाविद्यालयात शिकणारी मुलेही, 'सर, आधी नगरसेवक, मग महापौर, मग आमदार' असा जिना बोटांवर मोजून दाखवतात. त्यांच्या महत्त्वाकांक्षेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हा जिना कुठे जातो, हे इतिहासाला विचारून घेतले पाहिजे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जंगलजिल्हे त्यासाठी पुरेसे बोलके आहेत.

२

चांदा हे गोंड राजांनी वसवलेले, परकोटाने वेढलेले शहर. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर ही वेशींची नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला याच चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांनी बाबूराव शेडमाके या गोंड वीराला फासावर चढवले. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८६७ मध्ये, याच शहरात नगरपालिका स्थापन झाली. एका हाताने जंगलातल्या माणसाचा आवाज बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने शहरातल्या प्रतिष्ठितांना कारभारात चिमूटभर वाटा द्यायचा, ही साम्राज्याची रीत होती. पाठ्यपुस्तकांत आपण तिला 'स्थानिक स्वराज्याची पहाट' म्हणून शिकतो. ती पहाट कुणाच्या अंगणात झाली, हे पुस्तक सांगत नाही.

त्या काळचा मतदार म्हणजे कर भरणारा, मालमत्ता असणारा माणूस. ज्याच्या नावे घर नाही, जमीन नाही, दुकान नाही, तो नगरात राहूनही नागरिक नव्हता. आणि तरीही नगरपालिकेचे त्याच्यावाचून एक दिवसही चालत नव्हते. मैला कुणी वाहायचा, मेलेली जनावरे कुणी ओढायची, गटारे कुणी उपसायची? म्हणजे नगरपालिकेने आपल्या माणसाला पहिल्यांदा ओळखले ते मतदार म्हणून नव्हे, सभासद म्हणून नव्हे, तर झाडू आणि टोपली धरणारा हात म्हणून. हजेरीपटावर आपले नाव आधी लागले, मतदारयादीवर ते फार उशिरा आले. या क्रमाचा विसर पडला, की महापौरपदाच्या मानपत्राचा अर्थ लागत नाही.

३

खुर्ची नसताना काय करता येते, याचा पहिला धडा महात्मा जोतीराव फुल्यांनी घालून दिला. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या पुणे भेटीसाठी शहर सजवायचे आणि त्यापायी हजार रुपये खर्चायचे, असा विषय सभेपुढे आला. बाकीचे सभासद लाटसाहेबांच्या स्वागताला एका पायावर तयार होते. जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. कमानींवर उधळायचा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अडला नाही. परंतु नगरपालिकेचा पैसा कुणाचा आणि तो कुणासाठी, हा प्रश्न त्या सभागृहात एका माळ्याच्या पोराने विचारला, ही नोंद पुसता आली नाही. जोतीराव अध्यक्ष नव्हते. ते एक साधे सभासद होते. पण त्यांच्यामागे शाळा होत्या, सत्यशोधक समाज होता.

दुसरा धडा महाडचा. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष. ते कायस्थ होते, परंतु मनाने चळवळीचे होते. म्हणजे कायदा बाजूचा, ठराव बाजूचा आणि अध्यक्षही बाजूचा! तरीही तीन वर्षे अस्पृश्यांचा एकही हात त्या पाण्यापर्यंत पोचू शकला नाही. तो पोचला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा. आणि त्यानंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

महाडचा हा प्रसंग आपण सत्याग्रहाचा म्हणून नेहमी सांगतो. नगरपालिकेच्या इतिहासाचा म्हणून तो फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा. कारण नगराध्यक्षाच्या सहीची ताकद नेमकी किती, हे त्याने मोजून दाखवले आहे. चांगला माणूस खुर्चीवर असला तर ठराव होतो. ठराव अमलात येतो तो पायऱ्या उतरणाऱ्या पायांमुळे. आणि ते पाय घरी गेले, की ठराव परतही घेतला जातो.

स्वतः बाबासाहेबांनी मुंबईत काय केले? शहराच्या सफाई कामगारांची आणि इतर पालिका नोकरांची म्युनिसिपल कामगार संघात संघटना बांधली. हजेरीपटावरच्या ज्या माणसापासून नगरपालिकेशी आपले नाते सुरू झाले, त्याच्यापासूनच त्यांनी सुरुवात केली. हा योगायोग नव्हता.

४

खुर्ची आणि चळवळ एकाच दिशेने चालली तर काय घडते, याचे विदर्भातले ठळक उदाहरण १९५६ चे आहे. त्या वर्षी नागपूरचे उपमहापौर होते सदानंद फुलझेले, ऐन पंचविशी-तिशीतला तरुण कार्यकर्ता. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षेचा सोहळा ठरला. वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी रात्रंदिवस राबत होते. लाखो माणसे येणार म्हणजे मैदान, दिवे, पाणी, रस्ते यांचा प्रश्न. उपमहापौरपदाचे वजन फुलझेल्यांनी या कामी लावले. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, नागपूर महानगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. ज्या माणसाने आदल्या दिवशी हिंदू धर्माचा त्याग केला, त्याला शहराच्या संस्थेने सन्मानाने बोलावले, हे आजच्या वातावरणात कुणी करून दाखवावे!

नागपूरहून बाबासाहेब चांद्याला आले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याच्या मैदानावर जंगलपट्टीतल्या खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांनी आणि पायी आलेल्या प्रचंड जनसमुदायाने दीक्षा घेतली. या सोहळ्यामागचे कर्ते पुरुष होते बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. पुढे ते राज्यसभेत गेले. १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती झाले. चांद्याच्या माणसाने भूषवलेले हे फार मोठे पद. परंतु १९८४ मध्ये ते गेल्यानंतर चंद्रपूरच्या माणसाजवळ त्यांचे काय उरले? उपसभापतीपदाची ती खुर्ची दिल्लीतच राहिली. चंद्रपुरात उरली ती दीक्षाभूमी आणि तिच्या अंगणात उभे राहिलेले बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय. खेड्यातून आलेल्या हजारो मुलांनी तेथे शिक्षणाचा पहिला उंबरठा ओलांडला. फुलझेल्यांचेही तसेच. उपमहापौरपद संपले, त्यानंतर त्यांनी उभे आयुष्य नागपूरच्या दीक्षाभूमीच्या उभारणीला दिले आणि २०२० मध्ये ते निवर्तले तेव्हा लोकांनी त्यांना ओळखले ते दीक्षाभूमीचे म्हणून.

आता मुंबईकडे पाहू, कारण महापौर म्हणून आपल्या माणसाचे नाव महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर गाजले ते तेथे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महानगरपालिका जिंकली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे नंतरचा रिपब्लिकन पक्ष, समितीचा घटक होता. समितीने महापौरपद घटक पक्षांत फिरवले आणि १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. मुदत त्या काळी एक वर्षाची. महानगरपालिकेच्या त्या भव्य इमारतीत बाबासाहेबांचा अनुयायी अध्यक्षस्थानी बसला, तेव्हा परळ-नायगावच्या चाळींना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

पण त्याच १९५९ मध्ये आणखी एक घटना घडत होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश, नाशिक, मराठवाड्यातले भूमिहीन पडीक जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंग भरत होते. एकाच पक्षाचा एक माणूस महापौराच्या आसनावर होता आणि हजारो माणसे तुरुंगाच्या फरशीवर होती. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. महापौरपदाला जे तेज होते ते त्या हजारोंचेच होते. पुढे पक्षाची शकले झाली आणि सत्याग्रह थांबले. मग खुर्चीची वाट संघटनेच्या बळावर नव्हे, तर दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर मिळू लागली. १९९२-९३ मध्ये चंद्रकांत हंडोरे मुंबईचे महापौर झाले. त्याच वर्षात मुंबई दंगलीत होरपळली. शहर जळत असताना शहराच्या प्रथम नागरिकाच्या हाती कायद्याने काय होते? पोलीस राज्य सरकारचे, प्रशासन आयुक्तांचे. महापौरांकडे आवाहन करण्याचा अधिकार होता. व्यक्ती म्हणून हंडोरे पुढे राज्याचे सामाजिक न्याय मंत्री झाले, खासदारही झाले. तेव्हा जिना खरा आहे, तो वर जातो, हे मान्य. परंतु तो एका माणसाच्या रुंदीचा आहे.

५

महापौराचे हात इतके रिकामे का, याचे मूळ १८८८ च्या मुंबईच्या कायद्यात आहे. नेटिव्ह सभासदांनी बोलावे, ठराव करावेत, करांना मान्यता द्यावी. पण अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या आयुक्ताने करावी, अशी ती रचना. परक्या सत्तेचा एतद्देशीयांवर विश्वास नव्हता, हे समजण्यासारखे आहे. नवल असे की स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात, तीच रचना कायम राहिली. राज्य गोऱ्यांचे गेले, आयुक्त राहिला. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर-परिषदेचा प्रयोग करून महापौराला कार्यकारी अधिकार देऊन पाहिले, तोही थोड्याच काळात गुंडाळला गेला.

चंद्रपूरचा हिशेब या पार्श्वभूमीवर मांडला पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, नगरांच्या संस्थांत अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रियांना आरक्षण आले. अध्यक्षपदांनाही ते लागू झाले. ही बाबासाहेबांच्या घटनेचीच पुढची पायरी, आणि तिच्यासाठी कुणाचे उपकार मानण्याचे कारण नाही. आता त्याच वर्षांत दुसरीकडे काय झाले ते पाहा. नगरपालिकांचे हक्काचे मोठे उत्पन्न म्हणजे जकात. ती १९९९ मध्ये नगरपालिका क्षेत्रांतून रद्द झाली आणि नगरपालिका सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये चंद्रपूरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. म्हणजे नगराध्यक्ष जाऊन महापौर आले, मुख्याधिकारी जाऊन आयुक्त आले. महानगरपालिकेला मिळालेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी उठला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने उरलेला प्रश्नही मिटवला. पद मोठे झाले, तिजोरी परस्वाधीन झाली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

२०१२ ची पहिली निवडणूक ६६ नगरसेवकांची झाली. त्या वर्षापासून २०२२ पर्यंत चंद्रपूरच्या महापौरपदावर संगीता अमृतकर, राखी कंचर्लावार, अंजली घोटेकर आणि पुन्हा राखी कंचर्लावार अशा स्त्रियाच बसल्या. अडीच-अडीच वर्षांची मुदत. पक्ष बदलले, व्यक्ती बदलल्या. एका मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या शहरात सलग दहा वर्षे महापौर स्त्री होती, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच. येथे कोणत्याही व्यक्तीचा दोष काढायचा नाही. पदाची तपासणी करायची आहे.

शहर कोणते? २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख २० हजार वस्तीचे. भोवती कोळशाच्या खाणी, डोक्यावर दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राचा धूर. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. खाणी केंद्र सरकारच्या कंपनीच्या, वीज केंद्र राज्य सरकारच्या कंपनीचे, प्रदूषणावर देखरेख राज्याच्या मंडळाची. २०१५ च्या कायद्याने खनिजाच्या पैशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. पण त्याच्या नाड्या पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांच्या हाती. मग ज्या धुळीने बाबूपेठेतल्या कष्टकऱ्याच्या पोराला खोकला लागतो, त्या धुळीबद्दल महापौराला कायद्याने काय करता येते? पत्र लिहिता येते. ज्या कोळशाने शहराचे फुप्फुस काळे केले, त्याच्या पैशावर शहराच्या महापौराचा अधिकार नाही. त्यांच्या हाती उरतात उद्घाटनाच्या फिती, सभागृहातले अध्यक्षस्थान आणि समसमान मते पडली तर एक निर्णायक मत. गाडीवरचा लाल दिवा होता, तोही २०१७ मध्ये देशभर उतरला.

आणि शेवटी खुर्चीच नाहीशी झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुदत संपली. निवडणूक झाली नाही. प्रशासक आला आणि तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. महाराष्ट्रातल्या बहुतेक महानगरपालिकांची तीच गत. या सबंध काळात महापौर नव्हता म्हणून शहर थांबले का? कचरा उचलला जात होता, निविदा निघत होत्या, बिले फेडली जात होती. महापौरावाचून महानगरपालिका चालते, हे सरकारने सिद्ध करून दाखवले. सफाई कामगारावाचून ती एक आठवडा चालवून दाखवावी! १८६७ मध्ये जे खरे होते ते अजून खरे आहे. फरक एवढाच की तेव्हा तो पालिकेचा नोकर होता, आणि आता पुष्कळ ठिकाणी तो कंत्राटदाराचा माणूस आहे. सत्तरच्या दशकातल्या लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला होता. कंत्राटाच्या वाटेने तो हक्कच बिनकामाचा होत गेला, कारण जेथे कायम नोकरीच नाही तेथे वारसा कशाचा?

६

गडचिरोलीचा हिशेब याहून कडवट आहे. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. २०१५ मध्ये या जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांना नगरपंचायती मिळाल्या. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची ही नावे घ्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अशा ठिकाणी १७ नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष आला. ग्रामपंचायतीच्या पाटीवर नगरपंचायतीची पाटी लागली. कित्येक ठिकाणी आदिवासी नगराध्यक्ष झाले. बातम्या आल्या, सत्कार झाले.

पाटी बदलली तेव्हा काय गेले? ही गावे अनुसूचित क्षेत्रातली. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून अधिकार दिले, योजनांना मान्यता देण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. पण पेसा पंचायतींना लागू; नगरांना नाही. गाव नगर झाले की पेसाची ग्रामसभा संपली. पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा अबंध निधी संपला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचे क्षेत्रही ग्रामीणच होते. आणि घटना काय म्हणते? अनुच्छेद २४३ झेडसी म्हणतो की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू नाही. संसदेने तसा कायदा केला पाहिजे. असे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आले. ते कायदा झाले नाही. म्हणजे आदिवासींना नगरात संरक्षण देणारा कायदा तसाच पडून राहिला आणि नगरे मात्र झाली.

साध्या भाषेत सांगायचे तर, सगळ्या गावाने मिळून बसण्याची जी सभा होती ती गेली आणि तिच्या जागी एकाला बसण्याची खुर्ची आली.

धानोरा नगरपंचायतीपासून हाकेच्या अंतरावर मेंढा-लेखा आहे. गोंडांचे लहानसे गाव. तेथे महापौर नाही, नगराध्यक्ष नाही. देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे पिढी-दीड पिढी राबले. पण निर्णय सर्वांच्या संमतीने ग्रामसभा घेते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांसाठी वनखात्याशी झगडून २०११ मध्ये ते परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेने आपल्या हाती घेतला. केंद्रीय मंत्र्याला आणि मुख्यमंत्र्याला त्या गावात जाऊन परवाना-पुस्तक द्यावे लागले. आपल्या जंगलाचा बांबू आपल्या सहीने विकणारी ही ग्रामसभा आणि आपल्या नगराच्या कोळशाच्या धुळीबद्दल पत्र लिहिणारा महापौर, या दोघांपैकी सत्ता कुणाकडे आहे?

७

यावर कुणी म्हणेल, तर मग आपण खुर्ची सोडून द्यायची काय? प्रस्थापितांना मोकळे रान द्यायचे? मुळीच नाही. खुर्ची सोडा, हा उपदेश आपल्याला नेहमी तेच करतात जे स्वतः ती कधी सोडत नाहीत. राजकीय सत्तेचे महत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे आणि ते आपण विसरलेलो नाही. महापौरपदाची महत्त्वाकांक्षा धरणारा तरुण चुकत नाही. चुकते ते त्याचे मोजमाप. गाडी, बंगला, मानधन, पुढच्या तिकिटाची आशा ही पदाची बक्षिसे असतीलही. पण ती वस्तीला वाटून देता येत नाहीत.

वस्तीने आपल्या उमेदवाराला मत देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी गेल्या पाच वर्षांत कुठे गेला, याचा हिशेब तू सभागृहात मागशील काय? अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाच्या वस्ती सुधार योजनेतला रस्ता वस्तीत संपतो की वस्तीपलीकडच्या लेआउटमध्ये, हे तू पाहशील काय? सफाईचे कंत्राट कुणाला आणि कामगाराच्या हाती पगार किती, हे तू उघड करशील काय? आणि निवडून आल्यावर तू आम्हाला बोलावशील, की आम्ही तुला भेटायला रांगेत उभे राहायचे?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच पडून आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसावे, आपल्या गरजांचा क्रम लावावा, नगरसेवकाने तेथे उत्तर द्यावे. मेंढ्याची ग्रामसभा बाबूपेठेत आणायची तर दार तेथे आहे. शहरातल्या किती वस्त्यांनी ही सभा भरवली? किती कार्यकर्त्यांनी तिची मागणी केली? तिकिटासाठी मुंबईला खेपा घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी ही तरतूद वाचली आहे? शिक्षकांनी ती वर्गात सांगावी, विद्यार्थ्यांनी आपल्या प्रभागात जाऊन वाचून दाखवावी. अंदाजपत्रक ही शहराची गीता-बायबल नव्हे. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही ते वाचता येते. आपल्या वस्तीत आज पदवीधर कमी नाहीत.

जोतीरावांजवळ खुर्ची नव्हती, प्रश्न होता. टिपणीसांजवळ खुर्ची होती, पण तळे उघडले ते माणसांनी. फुलझेल्यांजवळ खुर्चीही होती आणि मागे लाखो माणसेही होती, म्हणून एका उपमहापौराची नोंद धम्मक्रांतीच्या इतिहासात झाली. उद्याच्या महापौराने यांतले आपले स्थान स्वतः ठरवावे. पण त्याला तेथे पाठवणाऱ्या वस्तीने त्याच्या मिरवणुकीत सामील होण्याआधी आपली सभा भरवलेली असली पाहिजे. ती सभा नसेल, तर अडीच वर्षांनी खुर्ची दुसऱ्याकडे जाईल आणि वस्तीत फक्त मिरवणुकीचा फोटो राहील.